पडद्यावरील सासू : ललिता पवार

चित्रपटकलेचा इतिहास लिहिणारे बहुधा नायक आणि नायिका यांच्याच चरित्रांभोवती घुटमळत राहतात. जाहिरातीच्या फलकावर ज्यांची मुखे मोठी, त्यांचीच नावे ग्रंथातही मोठी, असा जणू या क्षेत्रातील दंडकच होऊन बसला आहे. परंतु एखाद्या समाजाचे मन खरोखर कसे होते हे पाहावयाचे असेल, तर नायिकेपेक्षा नायिकेच्या सासूकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते, असे मला वाटते. नायिका ही प्रेक्षकांच्या इच्छेची मूर्ती असते; सासू, आत्या, घरमालकीण, मोलकरीण ही मात्र त्यांच्या रोजच्या अनुभवाची माणसे असतात. या माणसांच्या भूमिका करण्यात ज्या एका मराठी स्त्रीने आपले जवळजवळ सारे आयुष्य वेचले आणि हिंदी चित्रपटातील सासू कशी असावी याचा साचाच घालून दिला, त्या ललिता पवार यांच्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले या गावी झाला. येवले म्हटले की आपल्यापुढे पैठणी उभी राहते. आणि बाईंचे वडील लक्ष्मणराव सगुण हेही रेशमी व सुती कापडाचेच व्यापारी होते. मुलीचे नाव अंबा. घर जुन्या वळणाचे, खाऊनपिऊन सुखी. अशा घरातील मुलीने चित्रपटात जावे ही त्या काळी काही साधी गोष्ट नव्हती. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीचे काम करावयास स्त्री मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या तरुणास लुगडे नेसवावे लागले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी हा बांध फोडला खरा. तथापि समाजाच्या मनातील बांध फुटावयास पुढे बरीच वर्षे लागली. तो पुरता फुटण्याच्या आधीच, म्हणजे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, ही येवल्याची अंबू पुण्यातील नानासाहेब सरपोतदार यांच्या कंपनीत मूकपटांतून लहान मुलांची कामे करू लागली होती.

मूकपट हा तिचा पहिला गुरू. आज आपणांस अभिनय म्हणजे मुख्यतः संवाद बोलणे असे वाटते. मूकपटात ती सोय नव्हती. राग, लोभ, मत्सर, कळवळा, जे काय दाखवावयाचे ते भुवई, ओठ, मान आणि बोटे यांच्या साहाय्यानेच दाखवावे लागे. ललिताबाईंच्या उत्तरायुष्यातील कोणतीही भूमिका आठवून पाहावी. पदर खांद्यावर ओढण्याची लकब, हनुवटी किंचित वर करून समोरच्या माणसाकडे खालपर्यंत पाहण्याची रीत, बोलण्यापूर्वीचा तो क्षणभराचा थांबा, ही सारी त्या मुक्या शाळेतली कमाई होय. १९३१ साली ‘आलमआरा’ बोलू लागली आणि पुष्कळ मूकपट-नट कायमचे मुके झाले. ललिताबाई त्या लाटेत बुडाल्या नाहीत. १९३२ च्या ‘कैलास’ या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता. पुढे बोलपटात ‘हिम्मत-ए-मर्दां’ या १९३५ सालच्या चित्रात त्या नायिका झाल्या आणि स्वतःची गाणी स्वतःच गायिल्या. टॉलस्टॉयच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीवर आधारलेला ‘दुनिया क्या है’ हा बोलपटही त्यांनी १९३८ साली निर्माण केला. वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी एका येवल्याच्या मुलीने निर्मातीची जबाबदारी पेलावी आणि कथा निवडावी ती टॉलस्टॉयची, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सहसा कोणी ठळकपणे सांगत नाही. त्या केवळ दुसऱ्याने दिलेली भूमिका निमूटपणे वठविणाऱ्या नव्हत्या, एवढे यावरून निश्चित समजावे. ‘नेताजी पालकर’, खांडेकरांच्या कथेवरील ‘अमृत’, ‘संत दामाजी’ अशा चित्रांतून मराठी प्रेक्षकही त्यांस ओळखू लागला होता.

याच सुमारास तो अपघात घडला. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्राचे चित्रण चालू असता एका प्रसंगात मास्टर भगवान यांनी त्यांच्या थोबाडीत मारावयाची होती. हात जोरात बसला. चेहऱ्याच्या डाव्या बाजूस पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. उपचार दीर्घकाळ चालले. पण तो डोळा कायमचा लहान राहिला. यात कोणाच्या मनात दुष्टावा होता असे नाही. चित्रणाच्या भरात घडून गेलेली ती एक आपत्ती होती. परंतु तिचा परिणाम मात्र निष्ठुर होता. नायिकेचे सारे भांडवल तिच्या मुद्रेत साठविलेले असते, असे मानणाऱ्या धंद्यात पंचवीस-सव्विसाव्या वर्षीच एका स्त्रीचे भांडवल बुडाले.

येथे दुसरी एखादी स्त्री घरी बसली असती आणि तिला कोणी दोषही दिला नसता. ललिताबाईंनी तसे केले नाही. जी मुद्रा नायिकेस निरुपयोगी ठरली, तीच त्यांनी चरित्र-अभिनेत्रीच्या कामी लाविली. तो अर्धवट मिटलेला डावा डोळा पुढे इतका बोलका झाला की, तो नुसता बारीक केला तरी चित्रगृहातील सुनांच्या अंगावर शहारे यावे! व्यंग झाकण्यासाठी त्यांनी तोंड फिरविले नाही. उलट त्या व्यंगालाच कामाला जुंपले. कलेत व्यंगाचे वैभव करून दाखविल्याचे याहून ठसठशीत उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

१९४४ साली प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला. त्यात ललिताबाई आनंदीबाई झाल्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’ चा ‘मा’ आनंदीबाईने केला, अशी आख्यायिका महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. पण रामशास्त्री प्रभुणे यांनी दोषी ठरविले ते रघुनाथरावास, हे ध्यानात घ्यावयास हवे. सत्तेचा लोभ पुरुषाचा, गारदी पुरुष, तलवारी पुरुषांच्या. आणि लोकांच्या जिभेवर मात्र दोन शतके नाव राहिले ते अक्षर बदलणाऱ्या बाईचे! ललिताबाईंच्या वाट्यास पुढे ज्या भूमिका आल्या त्यांची नांदीच जणू या आनंदीबाईने केली. घर बुडाले की बुडविणारी स्त्री शोधावयाची ही आपल्या समाजाची जुनी सवय आहे, आणि पडद्यावर त्या शोधाचा शेवट बहुतेक वेळा ललिता पवार यांच्यापाशी होऊ लागला.

१९५० साली व्ही. शांताराम यांचा ‘दहेज’ आला. हुंड्यापायी एका मुलीचा आणि तिच्या बापाचा सर्वनाश होतो अशी ती कथा. पृथ्वीराज कपूर यांनी बापाचे काम केले आणि ललिताबाईंनी सासूचे. या सासूने प्रेक्षकांचा जो संताप ओढवून घेतला तो अभिनयाचाच विजय होता, यात शंका नाही. तथापि थोडा विचार करावा. हुंडा ही एका कजाग बाईची लहर होती काय? ती तर वरपक्षाच्या पुरुषांनी बैठकीत बसून, यादी करून, पानसुपारी वाटून ठरविलेली रीत होती. हुंडाबंदीचा कायदा व्हावयास १९६१ साल उजाडावे लागले, आणि त्यानंतरही ती रीत मेली नाही. चित्रपटाने एका सामाजिक पापास एक चेहरा दिला, हे त्याचे सामर्थ्य. पण तो चेहरा सासूचा दिला, ही त्याची मर्यादा. त्या मर्यादेचे ओझे मात्र एका अभिनेत्रीस जन्मभर वाहावे लागले.

१९५५ सालच्या दोन चित्रांची गोष्ट याहून बोलकी आहे. त्या वर्षी हिंदू विवाहाचा कायदा संमत झाला आणि घटस्फोटाचा हक्क हा घरोघर वादाचा विषय होऊन बसला. त्याच वर्षी गुरुदत्त यांनी ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ हे विनोदी चित्र काढले. त्यात नायिकेची आत्या सीतादेवी ही स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणारी, पुरुषांचा तिटकारा असलेली श्रीमंत बाई आहे. तरुण जोडप्याच्या सुखाच्या आड येणारी तीच. ती भूमिका ललिताबाईंची. स्त्रियांच्या हक्कांचा पुकारा करणारी स्त्री म्हणजे संसार मोडणारी स्त्री, ही त्या वेळच्या सुशिक्षित पुरुषाच्या मनातील भीती त्या हसऱ्या चित्रात कशी स्वच्छ उतरली आहे! आणि त्याच वर्षीच्या राज कपूर यांच्या ‘श्री ४२०’ मध्ये ललिताबाई आहेत त्या रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई. तोंडाने खणखणीत, पण पदपथावर राहणाऱ्या साऱ्या अनाथांची आई. एकाच स्त्रीची, एकाच वर्षातील ही दोन रूपे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे एक सूत्र हाती लागते.

ते सूत्र असे : ललिताबाईंच्या ज्या भूमिकेच्या कमरेला घराच्या किल्ल्यांचा जुडगा आहे ती भूमिका बहुधा कठोर, आणि जी भूमिका उंबऱ्याबाहेर स्वतःच्या कष्टाने पोट भरते ती बहुधा मायेची. ‘सुजाता’ या बिमल रॉय यांच्या १९५९ सालच्या चित्रातील सोवळ्याओवळ्याची कट्टर आत्या, ‘जंगली’ या १९६१ सालच्या चित्रातील हसण्यालाही बंदी करणारी आई, ‘प्रोफेसर’ या १९६२ सालच्या चित्रातील पुतण्यांवर शिस्तीचा बडगा चालविणारी सीतादेवी, या साऱ्या जुडगेवाल्या. उलट ‘श्री ४२०’ ची केळेवाली, ‘अनाडी’ ची घरमालकीण, १९६१ च्या ‘मेमदीदी’ तील नायिकाच झालेली प्रौढ ख्रिस्ती बाई, आणि १९७१ च्या ‘आनंद’ मधील रुग्णालयाची मेट्रन, या बाहेरच्या जगात आपल्या पायावर उभ्या राहिलेल्या. ‘दाग’ या १९५२ च्या चित्रात त्या दिलीपकुमारची सोशीक आई होतात, हा अपवाद वाटेल. पण त्या दरिद्री आईच्या घरी कुलूप लावण्याजोगे काही नव्हतेच. अधिकार हाती आला की वयस्क स्त्री दुष्ट होते आणि अधिकार नसला की ती देवता ठरते, असे आपल्या चित्रपटाचे, आणि म्हणून आपल्या समाजाचे, गणित होते. ललिताबाईंचे मोठेपण हे की, त्यांनी या गणिताच्या दोन्ही बाजू इतक्या खऱ्या करून दाखविल्या की आपणांस ते गणितच उघडे पडून दिसू लागते. ‘प्रोफेसर’ मधील ती कडक बाई म्हाताऱ्याचे सोंग घेतलेल्या शिक्षकावर भाळते तेव्हा प्रेक्षक हसतो. पण त्या हसण्याच्या मध्येच, वर्षानुवर्षे केवळ शिस्त म्हणून जगलेल्या एका स्त्रीचे एकाकीपण त्या डोळ्यांत दिसून जाते आणि हसू ओठांवरच थांबते. लेखकाने ठेवलेल्या चौकटीच्या बाहेर नटाने एक पाऊल टाकणे म्हणतात ते हेच.

हे उंबऱ्याबाहेरच्या स्त्रीचे रूप समजावयास उत्तर कोकणाकडे पाहावे. विरारच्या पश्चिमेस बोळिंज हे गाव आहे. त्याच्या पलीकडे नंदाखाल, आगाशी ही बागायती गावे. १५३४ ते १७३९ अशी दोनशे पाच वर्षे वसईचा हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता. चिमाजी आप्पांनी वसई घेतली, सत्ता गेली; पण येथील ख्रिस्ती समाज आपल्या मातीत, आपल्या बोलीत राहिला. आडनावे डिमेलो, डिसोझा, लोपीस, परेरा. आणि घरातली भाषा मात्र सामवेदी किंवा वाडवळी वळणाची मराठी. येथील केळी आणि आगाशीकडची सुकेळी मुंबईस प्रसिद्ध होती. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत आगगाडीची फेरी सुरू झाली आणि पुढे केळी, भाजी, फुले यांच्या पाट्या घेऊन या भागातील बाया गाडीने मुंबईस जाऊ लागल्या. हिंदू काय, ख्रिस्ती काय, दिवसभर गिऱ्हाइकाशी घासाघीस करावी, पैसा पदराच्या गाठीस मारावा आणि संध्याकाळी परतीची गाडी गाठून चूल पेटवावी, असा त्यांचा दिनक्रम. तोंडाने कडक न राहील तर मुंबईच्या बाजारात अशी बाई टिकेल कशी? आणि मनाने मऊ न राहील तर घरची पोरे वाढतील कशी? ‘श्री ४२०’ ची केळेवाली वसईची होती असे कथेत कोठे म्हटलेले नाही. परंतु मुंबईच्या प्रेक्षकास ती बाई परकी वाटली नाही याचे कारण, तशी बाई त्याने आपल्या दारात रोज पाहिलेली होती.

‘अनाडी’ तील मिसेस डिसा हीही अशीच. हृषीकेश मुखर्जी यांचे हे चित्र १९५९ सालचे. गरीब चित्रकार नायकाकडे भाड्याचे पैसे थकलेले, आणि घरमालकीण जिभेने तिखट. पण त्या तिखटपणाखाली पोटच्या पोरासारखी माया. शेवटी भेसळीचे औषध पोटात जाऊन ती मरते आणि तिला विष घातल्याचा आळ त्याच भोळ्या मुलावर येतो. येथे चित्रपट एका घरमालकिणीच्या मृत्यूतून औषधांच्या धंद्यातील नफेखोरीस जाब विचारतो. प्रेक्षकाने त्या मृत्यूसाठी मनापासून रडावे, तरच तो जाब प्रेक्षकाचा होतो. आणि प्रेक्षक रडला. या भूमिकेसाठी ललिताबाईंना उत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्री म्हणून ‘फिल्मफेअर’ पारितोषिक मिळाले. हिंदी चित्रांतील ख्रिस्ती घरमालकीण ही पुढे पुढे मोडके हिंदी बोलणारी, झगा घातलेली एक ठोकळेबाज हास्यमूर्ती होऊन गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. वसईच्या पट्ट्यातील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती स्त्रीचे खरे चित्र त्यात क्वचितच उतरले. परंतु येवल्याच्या हिंदू व्यापाऱ्याच्या या मुलीने त्या ठोकळ्यात प्राण घातला, त्या स्त्रीस प्रतिष्ठा दिली, हेही तितकेच खरे. हृषीकेश मुखर्जी यांना ती भूमिका किती भावली होती पाहा : बारा वर्षांनी ‘आनंद’ काढताना त्यांनी ललिताबाईंना मेट्रन केले आणि त्या मेट्रनचे आडनावही डिसा हेच ठेवले.

त्यांच्या बरोबरीने आणखी काही मराठी स्त्रियांनी हे दुय्यम म्हणविले जाणारे दालन समृद्ध केले. साहाय्यक अभिनेत्रीचे ‘फिल्मफेअर’ पारितोषिक प्रथम मिळाले ते ‘बादबान’ साठी उषा किरण यांना. दुर्गाबाई खोटे ‘मुघल-ए-आझम’ मध्ये जोधाबाई झाल्या. ‘हम दोनो’ मध्ये तर देव आनंद यांच्या दुहेरी भूमिकांतील एकाची आई लीला चिटणीस आणि दुसऱ्याची ललिता पवार. सोलापूरच्या शशिकला यांनी ‘आरती’ आणि ‘गुमराह’ यांसाठी लागोपाठ पारितोषिके घेतली. हिंदी चित्रपटाच्या घरातील आई, सासू, आत्या, नणंद यांची एवढी माणसे महाराष्ट्राने पुरविली, याची नोंद आपल्या सांस्कृतिक इतिहासात अधिक ठळकपणे व्हावयास हवी. ललिताबाईंना १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. पण चित्रगृहातून बाहेर पडणारा प्रेक्षक पारितोषिके लक्षात ठेवीत नाही, तो शिव्या लक्षात ठेवतो, आणि त्या शिव्या खाणे हाच त्यांच्या कामाचा खरा मोबदला होता.

आयुष्याच्या सातव्या दशकानंतर त्यांच्याकडे पुन्हा एक जुनीच भूमिका चालून आली. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ १९८७ च्या जानेवारीपासून १९८८ च्या जुलैपर्यंत दूरदर्शनवर दाखविले गेले. त्यात ललिताबाई मंथरा झाल्या. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, ते दिवस अनेक श्रोत्यांना आठवत असतील. ज्या पिढीने ‘दहेज’ ऐकला नव्हता, ‘अनाडी’ पाहिला नव्हता, तिलाही या वाकलेल्या दासीने आपली ओळख पटवून दिली. आनंदीबाईपासून मंथरेपर्यंत त्रेचाळीस वर्षे. वचन दिले दशरथाने, मागितले कैकेयीने, पाळले रामाने. पण अयोध्येचे दुःख लोकांनी ठेवले ते मंथरेच्या खाती! ज्या अभिनेत्रीने जन्मभर इतरांच्या वाट्याचा दोष आपल्या अंगावर घेतला, तिला शेवटी हीच भूमिका मिळावी यात एक प्रकारचे औचित्य आहे.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंध येथे त्यांचे निधन झाले. मूकपट, बोलपट, रंगीत चित्र आणि दूरचित्रवाणी, अशी या कलेची चारही युगे एका आयुष्यात पाहिलेली आणि चारही युगांत काम केलेली अशी माणसे फार थोडी.

श्रोतेहो, मोठ्या इमारतीचे कौतुक करताना आपण कळसाकडे पाहतो. भार पेलणाऱ्या तुळईकडे पाहत नाही. ललिता पवार या तुळईच्या जातीच्या कलावंत होत्या. त्यांनी केलेल्या सासवांचा राग करण्यास हरकत नाही, तो त्यांनी कष्टाने मिळविलेला आहे. पण राग करून झाल्यावर एवढे मात्र स्वतःस विचारावे की, पडद्यावरील त्या बाईने जे जे केले ते करावयास तिला कोणी शिकविले होते, आणि त्याचा लाभ घरातील कोणाकोणास होत होता. या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले, तर त्या एका बारीक झालेल्या डोळ्याने आपणांस आपले घर पुष्कळ स्पष्ट दाखविले असे म्हणता येईल.